एकच खड्डा, एकच माहिती, दोन उत्तरं: बांधकामाचं यंत्र गुणतक्त्याने कसं निवडतात?

एका इमारतीच्या दोन मजली तळघरासाठी खड्डा खणायचा आहे. दोन अभियंत्यांसमोर तेच तीन पर्याय आहेत, तेच निकष आहेत, आणि कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचं यावरही दोघांचं एकमत आहे. तरी एकाचा तक्ता म्हणतो, २० टनी दोन पोकलेन आणा. दुसऱ्याचा म्हणतो, ३० टनी एकच आणा. दोघांच्याही गणितात चूक नाही.

मोठ्या कामांच्या अहवालांत हल्ली 'बहुनिकष निर्णयपद्धत', 'एएचपी', 'टॉप्सिस' असे शब्द येतात. खाली तीन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे असतात आणि शेवटी एका यंत्राचं नाव असतं. वाचणाऱ्याला वाटतं, एवढं मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. ते आकडे कुठून येतात आणि वरच्यासारखी गंमत का होते, हे कळायला फार गणित लागत नाही. गुणाकार, भागाकार आणि एक घनमूळ, बस्स.

बहुनिकष निर्णयपद्धत म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी (खर्च, भरवसा, जागा) एकाच पट्टीवर आणून पर्यायांचा क्रम लावण्याची रीत. भाड्याचं घर शोधताना आपण हेच करतो. एक घर स्वस्त आहे पण लांब आहे, दुसरं जवळ आहे पण पाण्याची बोंब आहे. फरक इतकाच की तिथे हिशेब मनात चालतो आणि इथे तो कागदावर मांडायचा असतो, म्हणजे दुसऱ्याला तो तपासता येतो.

आधी काम मोजा

गुणतक्त्याची घाई बहुतेक ठिकाणी इथेच नडते. यंत्रं कोणती मिळतात याची यादी आधी होते आणि काम ताशी किती व्हायला हवं हे कोणी विचारतच नाही.

आपल्या खड्ड्यातून ३०,००० घनमीटर माती काढायची आहे. हे 'जागेवरचं माप', म्हणजे माती न हलवता जमिनीत जेवढी जागा व्यापते तेवढं. हातात ५० दिवस आहेत, रोज ८ तास. म्हणजे ४०० तास, आणि गरज ताशी ७५ घनमीटरची.

आता २० टनी पोकलेन घेऊ. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण साइटवर ते सगळ्याच खोदयंत्रांना चिकटलंय. आणि २० टन हे यंत्राचं स्वतःचं वजन. ते २० टन उचलतं असा त्याचा अर्थ नाही.) बकेट १ घनमीटरची. बकेट दरवेळी काठोकाठ भरत नाही, म्हणून ०.९ धरू. खणणं, वळणं, डंपरमध्ये ओतणं आणि परत येणं ही एक फेरी २० सेकंदांची, म्हणजे तासाला १८० फेऱ्या. तासातली ५० मिनिटं प्रत्यक्ष काम होतं असं मानलं तर १८० × ०.९ × ०.८३, म्हणजे सुमारे १३४ घनमीटर सुटी माती. पण खणलेली माती फुगते. साधारण मातीचा फुगवटा २५ टक्के धरला तर १३४ ला १.२५ ने भागायचं. उत्तर ताशी १०७ घनमीटर. गरज ७५ ची, मग एक यंत्र पुरून उरेल!

हे झालं माहितीपत्रकातलं यंत्र. अरुंद खड्ड्यात डंपर बाजूला लावता येत नाही, तो मागे उभा राहतो. ९० अंशांऐवजी १८० अंशांत वळावं लागतं आणि फेरी २६ सेकंदांवर जाते. डंपर मागे घेताना वेळ जातो, म्हणून तासातली ४५ मिनिटंच हाती लागतात. तेच गणित पुन्हा: १३८.५ फेऱ्या × ०.९ × ०.७५ ÷ १.२५. आता उत्तर ७४.८.

यंत्र तेच, माती तीच, आणि १०७ चे ७५ झाले. उशिरा संपणाऱ्या खोदाईचं मूळ बहुतेक वेळा या दोन आकड्यांमधल्या अंतरात असतं. शक्य असेल तर पहिल्या दिवशी घड्याळ लावून वीसेक फेऱ्या मोजाव्यात. त्यासारखी स्वस्त मोजणी दुसरी नाही.

डंपरचा हिशेबही इथेच उरकायचा. १४ घनमीटरचा डंपर भरायला ०.९ च्या १६ बकेटा लागतात, म्हणजे २६ सेकंदांच्या हिशेबाने सुमारे ७ मिनिटं. जाऊन, ओतून, परतून रांगेत लागायला ३५ मिनिटं. एकूण ४२ मिनिटांची फेरी, भागिले ७, म्हणजे ६ डंपर. पाचच ठेवले तर पोकलेन दर ४२ मिनिटांतली ७ मिनिटं नुसतं उभं राहील आणि ताशी काम ७५ वरून ६२ वर येईल. दोष मात्र पोकलेनला मिळेल. शिवाय सुटी माती घनमीटरला १.४ टन धरली तर १४ घनमीटर म्हणजे जवळपास २० टन होतात, आणि ओली चिकणमाती त्याहून जड. हौदा भरण्याआधीच डंपरची वजनमर्यादा संपणार असेल तर १६ बकेटांचा हिशेब तिथेच मोडतो.

चाळणी आधी, गुण नंतर

जोडा पायाच्या मापाचा नसेल तर तो किती स्वस्त आहे हे पाहण्यात अर्थ नाही. यंत्रांचंही तसंच. काही अटी 'हो किंवा नाही' स्वरूपाच्या असतात. त्यांना गुण द्यायचे नाहीत. त्या पाळल्या नाहीत तर पर्याय बाद.

हे वेगळं सांगावं लागतं, कारण गुणांची बेरीज करणाऱ्या सगळ्या पद्धतींमध्ये एक खोड असते. एका निकषातली कमतरता दुसऱ्या निकषातल्या जादा गुणांनी भरून निघते. खर्च आणि भरवसा यांच्यात अशी देवाणघेवाण चालते. सुरक्षिततेत चालत नाही. '५० टनी' क्रेन ५० टन उचलते ती अगदी जवळून, साधारण ३ मीटर त्रिज्येवर. १२ मीटरवर तिची क्षमता नावाच्या पाव हिश्श्याच्या आसपास येते, आणि त्यातूनही हुक ब्लॉक आणि साखळ्यांचं वजन वजा करायचं. अशी क्रेन लोडचार्टमध्ये (किती अंतरावर किती वजन उचलता येतं याच्या तक्त्यात) बसत नसेल आणि तक्त्यात 'सुरक्षितता: १० पैकी ३, खर्च: १० पैकी १०' असं लिहून ती पहिली आली, तर तो तक्ता फाडून टाकण्याच्या लायकीचा.

आपल्या खड्ड्यात एकटं २० टनी पोकलेन चाळणीतच अडकतं. ७४.८ म्हणजे गरजेपेक्षा किंचित कमी, आणि पावसाच्या एका दिवसापुरतीही सवड नाही. उरलेले पर्याय असे:

अ) एक ३० टनी पोकलेन. बकेट १.५ घनमीटर, फेरी २८ सेकंद. ताशी सुमारे १०४ घनमीटर.

ब) दोन २० टनी पोकलेन. दुप्पट केलं तर १५०, पण अरुंद खड्ड्यात ती एकमेकांच्या वाटेत येतात. १५ टक्के घट धरून ताशी १२७.

क) एक २० टनी आणि एक लाँग रीच. लांब हातामुळे वरून खोलवर पोचतं, पण बकेट अर्ध्या घनमीटरची आणि फेरी ३५ सेकंदांची. दोन्ही मिळून ताशी १०३.

तिन्ही ७५ च्या बऱ्यापैकी वर आहेत, तेव्हा तिन्ही पास. इथून पुढे जास्त वेगाला जास्त गुण देऊ नयेत. डंपर आणि माती टाकण्याची जागा यांनी वेग आधीच बांधून ठेवलेला असतो. १२७ ची क्षमता असली तरी डंपर ७५ पुरतेच असतील तर काम ७५ च होणार.

महत्त्व आकड्यांत कसं आणायचं

निकष तीनच ठेवू. खर्च: भाडं, डिझेल, ऑपरेटर, यंत्र साइटवर आणणं-नेणं आणि डंपर धरून संपूर्ण कामाचा. भरवसा: एक यंत्र बंद पडलं तर त्या दिवशी किती काम चालू राहील. जागा: यंत्र वळेल का, उतार कसा काढायचा, शेवटी यंत्र खड्ड्याबाहेर कसं येणार.

'खर्चाला ५५ टक्के, भरवशाला ३० टक्के' असं एकदम सांगायला बसवलं तर माणूस अंदाजपंचे बोलतो. एका वेळी दोनच गोष्टींची तुलना करायला सांगितलं तर उत्तर जास्त विचारपूर्वक येतं. या साध्या निरीक्षणावर थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात एएचपी ही पद्धत उभी केली. दर जोडीला १ ते ९ मधला आकडा द्यायचा. १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे पहिला थोडा वरचढ, ५ म्हणजे बराच, ९ म्हणजे तुलनाच नको इतका. उलट दिशेला अपूर्णांक घ्यायचा.

समजा उत्तरं अशी आली. खर्च भरवशाच्या २ पट, खर्च जागेच्या ४ पट, भरवसा जागेच्या ३ पट. आता प्रत्येक निकषाच्या ओळीतले आकडे गुणायचे आणि घनमूळ काढायचं. खर्चाची ओळ १, २, ४; गुणाकार ८, घनमूळ २. भरवशाची अर्धा, १, ३, गुणाकार १.५, घनमूळ १.१४. जागेची पाव, एक तृतीयांश, १, गुणाकार ०.०८३, घनमूळ ०.४४. तिन्हींची बेरीज ३.५८. प्रत्येकाला बेरजेने भागलं की भारांक मिळतात: खर्च ०.५६, भरवसा ०.३२, जागा ०.१२. भारांक म्हणजे एकूण महत्त्वातला त्या निकषाचा वाटा.

बोलणं स्वतःशीच जुळतंय का

वरच्या उत्तरांत एक बारीक विसंगती आहे. खर्च भरवशाच्या दुप्पट आणि भरवसा जागेच्या तिप्पट, तर खर्च जागेच्या ६ पट यायला हवा होता. सांगितला ४ पट. माणसं एवढं इकडेतिकडे करतातच, आणि एएचपी तेवढी सूट देते. विसंगती किती आहे हे मोजण्यासाठी एक गुणोत्तर काढतात आणि ते ०.१० च्या आत असेल तर उत्तरं चालवून घेतात. ढोबळ अर्थ असा की कोणीही न वाचता वाट्टेल तसे आकडे भरले तर सरासरीने जेवढा गोंधळ होईल, त्याच्या तुलनेत आपला गोंधळ किती. आपलं गुणोत्तर येतं ०.०१६. छान.

आता कोणी म्हणालं की खर्च भरवशाच्या दुप्पट, भरवसा जागेच्या तिप्पट, पण जागा खर्चाच्या ४ पट, तर हे बोलणं गोल फिरलं. त्याचं गुणोत्तर १.०६ येतं, मर्यादेच्या दहापट. अशा वेळी कसलेले लोकही एक चूक करतात: गुणोत्तर खाली येईपर्यंत आकडे फिरवत बसतात. मग तुलना अर्थहीन होते. बरोबर रीत म्हणजे उत्तर देणाऱ्याकडे परत जायचं. बहुतेक वेळा असं निघतं की त्याने पानाची दिशा उलटी वाचली होती, किंवा 'जागा' म्हणताना त्याच्या डोक्यात शेजारच्या इमारतीचा पाया होता. दुसरं कारण निघालं तर ते सोनं समजावं, कारण तो निकष यादीतच नव्हता.

पहिला निकाल

आता पर्यायांचे गुण. सर्वांत स्वस्त पर्याय १०० धरला तर खर्च असा: अ १००, ब ११२, क ११८. ब मध्ये दोन ऑपरेटर आणि ट्रेलरच्या दुप्पट फेऱ्या, क मध्ये लाँग रीचचं भाडं जड.

भरवसा, १० पैकी: अ ४, ब ९, क ६. अ मधलं एकुलतं यंत्र बंद पडलं की काम शून्यावर येतं. हायड्रॉलिकचा एक होस (तेलाची नळी) फुटला की नवा येईपर्यंत सहा डंपर ओळीने उभे. ब मध्ये एक बंद पडलं तरी दुसरं जवळपास ७५ घनमीटर काढत राहतं, म्हणजे गरजेएवढं. क मध्ये २० टनी बंद पडलं तर हातात फक्त लाँग रीचचे २८.

जागा, १० पैकी: अ ५, ब ६, क ९.

सर्व आकडे एका पट्टीवर आणण्यासाठी पहिला अभियंता प्रत्येक निकषातल्या सर्वोत्तम आकड्याशी गुणोत्तर घेतो. खर्चात अ ला १.००, ब ला ०.८९, क ला ०.८५. भरवशात ०.४४, १.००, ०.६७. जागेत ०.५६, ०.६७, १.००. प्रत्येकाला भारांकाने गुणून बेरीज केली की अ ०.७७, ब ०.९०, क ०.८१. दोन २० टनी पोकलेन सहज पहिली.

दुसऱ्याचं उत्तर वेगळं का?

दुसरा अभियंता पट्टी वेगळी लावतो. प्रत्येक निकषात सर्वांत वाईटाला ० आणि सर्वांत चांगल्याला १, मधले त्या प्रमाणात. हीसुद्धा सर्रास वापरली जाणारी रीत. खर्चात अ १, ब ०.३३, क ०. भरवशात अ ०, ब १, क ०.४. जागेत अ ०, ब ०.२५, क १. भारांक तेच. बेरीज: अ ०.५६, ब ०.५४, क ०.२५. एकटं ३० टनी पोकलेन पुढे!

गंमत कुठे झाली? पहिल्या पट्टीत खर्चाचे गुण ०.८५ ते १.०० एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहिले. भारांक ०.५६ असूनही खर्चाला निकाल हलवायला वावच नव्हता. नावाला मोठा, कामाला लहान. दुसऱ्या पट्टीत खर्चातला तोच १८ टक्क्यांचा फरक ताणून ० ते १ केला, आणि खर्चच सगळं ठरवू लागला.

खरी चूक पट्टीच्या आधीची आहे. 'खर्च महत्त्वाचा की भरवसा?' हा प्रश्नच अर्धवट. किती खर्च आणि किती भरवसा, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. विचारायला हवं होतं ते असं: खर्च १०० वरून ११८ वर जाणं आणि भरवसा ९ वरून ४ वर येणं, यांतलं काय जास्त झोंबेल? टोकापासून टोकापर्यंतचा हा झोका दाखवून भारांक विचारले की ० ते १ ची पट्टी बिनधोक वापरता येते. आपल्या खड्ड्याच्या बाबतीत तर आणखी साधं विचारता येईल: एक यंत्र बंद पडलं तरी पूर्ण वेगाने काम चालू राहावं, यासाठी १०० वर १२ जास्त द्यायला तयार आहात का? या प्रश्नाला मालक, ठेकेदार, कोणीही उत्तर देऊ शकतं. उशिराचा दंड रोज किती आहे हे ठाऊक असेल तर उत्तर गणितानेही काढता येतं.

हातात आलेल्या कोणत्याही अहवालात आधी हे शोधावं: पट्टी कोणती लावली, आणि भारांक विचारताना टोकं दाखवली होती का. दोन्ही लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या दशांश स्थळाकडे बघायचं कारण नाही.

निकाल किती ढकलल्यावर उलटतो

पहिल्या अभियंत्याच्याच तक्त्यावर एक चाचणी करू. इतर दोन निकषांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवून खर्चाचा भारांक वाढवत न्यायचा. अ पुढे यायला तो ०.५६ वरून ०.८० च्या वर न्यावा लागतो. म्हणजे या बाजूने निकाल भक्कम. आता जागेचा भारांक वाढवू. तो ०.१२ वरून ०.३१ झाला की क पुढे जातो. अरुंद साइट, दोन्ही बाजूंना जुन्या भिंती, अशा ठिकाणी जागेला एक तृतीयांश महत्त्व देणं अजिबात वावगं नाही. म्हणजे निकालाचा कमकुवत सांधा जागेपाशी आहे, आणि चौकशी करायची ती तिथे. खर्चाचं कोटेशन पाचव्यांदा घासून काही हाती लागणार नाही.

'अनुभवी माणूस हे डोळ्यांनी सांगतो, मग तक्ता कशाला?'

बरोबरच आहे, सांगतो. वरच्या हिशेबातले २६ सेकंद, ४५ मिनिटं आणि 'दोन यंत्रं एकमेकांच्या वाटेत येतात' हे अनुभवानेच कळतं. तक्ता अनुभवाची जागा घेत नाही. तो अनुभवाला बोलतं करतो, म्हणजे तो माणूस दुसऱ्या साइटवर गेला तरी कारण कागदावर राहतं. मात्र अनुभव बहुतेक वेळा मागच्या कामाचा असतो. मोकळ्या माळावर ३० टनी यंत्राने कमाल केली म्हणून ते तळघराच्या खड्ड्यातही करेल, असं नाही.

'हवं ते यंत्र आणायला भारांक वाकवता येतात'

येतात, आणि वाकवले जातात. उपाय साधा आहे. निकष, भारांक आणि पट्टी, पुरवठादारांचे दर उघडण्याआधी लिहून, तारीख घालून सही करायची. नंतर बदलायचे असतील तर बदला, पण कारण लिहा. हे जिथे होत नाही तिथली निर्णयपद्धत म्हणजे आधी ठरलेल्या यंत्राला घातलेला कोट.

अनेकांची मतं घेताना आणखी एक खाच आहे. एक म्हणतो खर्च भरवशाच्या ४ पट, दुसरा म्हणतो भरवसा खर्चाच्या ४ पट. साधी सरासरी काढली तर ४ आणि पाव यांची २.१३ येते, म्हणजे उगीचच खर्चाच्या बाजूने. एएचपीत गुणाकाराचं मूळ घेतात: ४ गुणिले पाव म्हणजे १, वर्गमूळ १. बरोबरी. पण ही बरोबरी म्हणजे एकमत नव्हे. दोन टोकाची मतं एका निरुपद्रवी १ खाली झाकली गेली आहेत, आणि त्यांना समोरासमोर बसवणं कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगाचं.

'आठ-दहा निकष असतील तर तुलना संपायच्याच नाहीत'

आठ निकषांना २८ जोड्या होतात. विसाव्या जोडीपर्यंत माणूस कंटाळून सगळीकडे ३ लिहू लागतो. मुळात आठ निकष खरंच वेगळे आहेत का, हे आधी पाहावं. 'डिझेल', 'भाडं' आणि 'एकूण खर्च' हे तीन निकष नव्हेत. तसे ठेवले तर खर्च तीनदा मोजला जातो. छाटूनही यादी मोठी राहिली तर जाफर रेझाई यांनी २०१५ मध्ये मांडलेली बेस्ट-वर्स्ट पद्धत आहे. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा निकष निवडायचा आणि बाकीच्यांची तुलना फक्त त्या दोघांशी करायची. आठ निकषांना १३ तुलनांत भागतं.

'टॉप्सिस जास्त अचूक असते म्हणे'

हे नाव ह्वांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं. एक काल्पनिक आदर्श यंत्र घ्यायचं, सगळ्या निकषांत सर्वोत्तम. एक काल्पनिक टाकाऊ, सगळ्यांत वाईट. मग प्रत्येक पर्याय आदर्शापासून किती जवळ आणि टाकाऊपासून किती दूर, हे मोजायचं. कल्पना देखणी आहे, पण भारांक तिला बाहेरूनच द्यावे लागतात आणि पट्टीचा प्रश्न तिलाही सुटत नाही. एकाच माहितीवर दोन पद्धती चालवून दोन्हींत तेच यंत्र पहिलं आलं तर थोडा धीर येतो, एवढाच उपयोग. वेगवेगळी आली तर पर्याय जवळजवळचे आहेत असं समजावं.

एएचपीवरचा जुना आक्षेपही माहीत असावा. व्हॅलेरी बेल्टन आणि टोनी गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की यादीत एक नवा पर्याय घातला की आधीच्या पर्यायांचा आपसातला क्रमसुद्धा उलटू शकतो. म्हणून निकाल लागल्यावर कोणी चौथा पर्याय हळूच आत सरकवत असेल तर तो का, हे विचारावं. पण कधीकधी चौथा पर्यायच कामाचा असतो, आणि आपल्या खड्ड्यात नेमकं तसं होतं.

शेवटचा उतार

डंपर खड्ड्यात उतरतात ते मातीच्याच उतारावरून, साइटच्या भाषेत रॅम्पवरून. खोदाई संपत आली की हा रॅम्पही काढायचा असतो. खड्डा ८ मीटर खोल आहे. २० टनी यंत्र वर उभं राहून साधारण साडेसहा मीटरपर्यंत खणतं, ३० टनी सव्वासात मीटरच्या आसपास. तळाचा मातीचा पाचर दोघांच्याही हाताबाहेर. मग एक यंत्र खाली ठेवून रॅम्प कापायचा आणि शेवटी तेच यंत्र क्रेनने उचलून वर घ्यायचं, हा नेहमीचा तोडगा. काउंटरवेट (यंत्राचा तोल राखणारं मागचं वजन) काढून वजन कमी करता येतं, तरी १२ मीटर त्रिज्येवर ते उचलायला नावाने बरीच मोठी क्रेन लागते. तिचे पाय टेकायला पक्की जागा हवी, आणि ती खड्ड्याच्या काठापासून पुरेशी लांब हवी. लांब गेलं की त्रिज्या वाढते, आणि त्रिज्या वाढली की क्षमता आणखी घटते.

समजा साइटवर जाऊन मोजलं आणि अशी क्रेन उभी करायला जागाच नाही असं निघालं. मग 'जागा' हा गुण द्यायचा निकष राहत नाही. तो चाळणीत जातो, आणि अ आणि ब दोन्ही तिथेच गळतात. उरतो क. पण एवढं कळल्यावर कोणीतरी विचारतंच, की लाँग रीच पूर्ण ५० दिवस कशाला? दोन २० टनी यंत्रांनी मुख्य खोदाई करायची, दोन्ही रॅम्पवरून बाहेर काढायची, आणि शेवटचे थोडे दिवस लाँग रीच भाड्याने आणून वरूनच रॅम्प उपसायचा. हा झाला ड. त्याचा खर्च ११५ भरतो असं धरू. भरवसा ब सारखाच ९, जागा क सारखीच ९.

पहिल्या पट्टीने त्याची बेरीज ०.९३ येते. पण ती काढलीच नाही तरी चालेल. क चा खर्च ११८, भरवसा ६, जागा ९. ड त्याहून स्वस्त, त्याहून भरवशाचा आणि जागेत बरोबरीचा आहे. भारांक कोणतेही घ्या, पट्टी कोणतीही लावा, क पुढे येत नाही. आता फोन करून विचारायचं ते एवढंच, की त्या तारखांना लाँग रीच मोकळं आहे का.